एका बाईची एक वाटी

सानगडीला माझी बदली झाली तेव्हा आणीबाणी नुकतीच उठली होती. नर्सच्या नोकरीत निरनिराळ्या गावांच्या घरमालकिणी भोगून झाल्या होत्या, त्यामुळे आता मला या बाबतीत नवीन काही उरलं नाही, अशा तोऱ्यात मी होते. तो तोरा पहिल्याच संध्याकाळी उतरला.

ट्रंक ओसरीवर ठेवून मी हातपाय धुवायला घरामागच्या सांदवाडीत गेले. वांग्याच्या झाडांपलीकडे विटा रचून, वर चिखल लिंपून केलेलं कमरेएवढं गोल काहीतरी होतं आणि त्यावर मातीचं जाड झाकण. पाणी तापवायची सोय असेल, असं मला वाटलं. मी झाकणाकडे हात नेला आणि मागून आवाज आला, "हात तोडीन."

वळून पाहिलं तर पन्नाशीची, हाडापेरानं मजबूत बाई लांब सांडशी घेऊन उभी. पदर खोचलेला, कपाळावर काजळीचा पट्टा.

"आत काच थंडी होऊन राहिली," ती म्हणाली. "आता झाकन उचललं का गेली ते कामातून. तुह्यं सामान आत ने, पोटभर जेव, काय पाहिजे ते कर. पन याले हात लावजो नोको."

सरकारी नोकरीतल्या बाईशी पहिल्या भेटीत कोणी असं बोलत नाही. मी ट्रंक उचलून परत निघणारच होते, पण न्हाणीला आतून कडी असलेली दुसरी खोली त्या गावात भाड्यानं मिळत नव्हती. म्हणून राहिले, आणि चांगली काही वर्षं राहिले. त्या काळात आम्ही दोघी जेवढ्या भांडलो, तेवढी मी पुढे नवऱ्याशीही भांडले नाही.

गाव तिला तोंडावर काकी म्हणायचं आणि पाठीमागे काचवाली. मी मावशी म्हणायचे. तिच्या कपाळाला ठसठशीत कुंकू होतं, गळ्यात काळी पोत होती आणि दोन्ही मनगटं मोकळी. काचेची सोडा, पितळेचीही बांगडी नाही. नवरा समोरच्या खोलीत किराणा दुकान चालवत बसलेला, अगदी ठणठणीत. धडधडीत नवरा असून ही अशी हिंडते, हिला त्याला मारायचंच आहे, असं बायका मला औषधाच्या रांगेत उभ्या राहून सांगायच्या. मला राहवेना. एकदा गूळ आणायला दुकानात गेले तेव्हा मी काकांना सरळ विचारलं, तुम्हाला याचं काही वाटत नाही का.

काका गूळ फोडत होते. "मी जिता आहो का नाही, हे मले तिच्या चुड्यायवरून थोडीच समजते," ते म्हणाले. "भूक लागली का समजते."

तिचे वडील आठवडी बाजारांतून बांगड्या भरत हिंडायचे. सायकलला लावलेल्या पेटीतली काच बघत ती वाढली. कोणती काच कोणत्या खोक्यातून आली, ते ती नुसत्या हातानं सांगायची. पण भट्टीचं वेड वडिलांकडून आलेलं नव्हतं. ते कुठून आलं, ते मला एका शब्दापायी कळलं.

हापशीवर पाणी भरताना माझी हिरवी बांगडी दांड्यावर आपटली. मी घरी आले आणि आईनं शिकवलेल्या सवयीनं म्हटलं, "मावशी, बांगडी वाढली." आपल्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत. ते अशुभ. नारळ वाढवायचा, मंगळसूत्र तुटलं तर वाढलं म्हणायचं, आणि बांगडीही वाढते. मावशी तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला सारलं.

"काय वाढलं? दाखव मले. एकाच्या दोन झाल्या का?"

मी हातातला तुकडा दाखवला.

"फुटली म्हन."

"मावशी, असं बोलू नये."

"फुटली म्हन आधी."

मी म्हटलं फुटली. मग ती बोलायला लागली, आणि मी काही विचारलेलं नसताना सगळं सांगून मोकळी झाली. "माह्या लहान बहिनीच्या वाढवल्या होत्या. सोळाची होती ते. दगडावर हात ठेवून, वरून वरवंटा घेऊन वाढवल्या. मंग काय वाढलं मी सांगतो तुले. हाताची सूज वाढली. घरच्यायच्या शिव्या वाढल्या. नि जेवाच्या वेळेले कोनी तिच्या ताटात भात वाढला नाही. हे असं वाढलं."

बहिणीचं पुढे काय झालं, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बहिणीच्या बांगड्या फोडल्या त्याच दिवशी तिनं स्वतःच्याही उतरवून ठेवल्या होत्या. पुढे भट्टी बांधल्यावर पहिल्यांदा त्याच वितळवल्या, आणि बिघडवल्या. काच साच्याला अशी चिकटली की साचा फोडावा लागला.

ती भट्टी म्हणजे आत एक जाड मडकं, भोवती जाळाला जागा, खाली लाकडं आणि वरून सतत टाकत राहायचं धानाचं तूस. राइस मिलमागे तुसाचे ढीग पडलेले असायचे, कोणीही उचलून न्यावं. साचे म्हणजे कुंभाराकडचे उथळ परळ. परळाच्या तळाला बारीक भोक पाडायचं, म्हणजे काच आत बसताना खालची हवा निघून जाते. आणि आतून छुईचे, म्हणजे भिंती सारवायच्या पांढऱ्या मातीचे, हात द्यायचे, म्हणजे काच चिकटत नाही. चुना लावून पाहिला, राख लावून पाहिली, आणि प्रत्येक वेळी बिघडलं तेव्हा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा शिव्यांचा भडिमार केला, तेव्हा कुठे छुईवर येऊन ती थांबली. पहिल्या आचेत कौलाच्या तुकड्यावर काच वितळवून चपटी करायची. दुसऱ्या, मंद आचेत ती चपटी परळावर ठेवायची. काच हळूहळू वाकते आणि परळाच्या पोटात जाऊन बसते. "बसली," एवढंच ती म्हणायची. तेवढ्यापुरता तिचा चेहरा मऊ व्हायचा. मग झाकण घट्ट. झाकणावर तळहात टेकवता येईपर्यंत ते उचलायचं नाही, जीव गेला तरी. घाईनं उघडलं की गार वारा लागून काच तडकते.

माझ्या भाचीनं अलीकडे फ्लॅटमध्ये विजेची भट्टी आणली आहे. साचे पार्सलनं येतात, आकडे दाबले की भट्टी आपोआप तापते आणि आपोआप निवते. दर रविवारी ती काचेच्या बश्या करते आणि त्यांचे फोटो मला पाठवते. बश्या सुरेख असतात. मला मात्र त्या बघून संताप येतो. भाचीचा काही दोष नाही, हे मला कळतं. तरी येतो.

सुरुवातीला मावशी बाजारात फुटलेल्या बांगड्या गोळा करायची. लाल, हिरव्या, चॉकलेटी, सगळं एकत्र. वाटी छान निघायची, फळीवर ठेवली जायची, आणि काही दिवसांनी दुपारी जेवताना फळीवरून टिक असा आवाज यायचा. वाटी मधोमध चिरलेली. कोणी हात लावला नाही, काही नाही. ती चिडून वेडीपिशी व्हायची. मग तिच्या ध्यानात आलं की वेगवेगळ्या कारखान्यांची काच एकमेकींत मिसळते खरी, पण नांदत नाही. निवताना एक जास्त आखडते, एक कमी, आणि आतल्या आत ओढाताण चालू राहते. एका बाईच्या हातातल्या बांगड्या मात्र एकदम, एकाच खोक्यातून भरलेल्या असतात. त्या एकमेकींशी नीट राहतात. तेव्हापासून तिचा नियम ठरला. "एका बाईची एक वाटी. दुसरीचा एक तुकडा त्यात टाकाचा नाही."

आणि एका बाईच्या सगळ्याच्या सगळ्या बांगड्या एका जागी फुटलेल्या कधी मिळतात, हे काही कोणाला सांगायला नको.

गावातलं माणूस गेलं की दहाव्या दिवशी बायका त्याच्या बायकोला तलावाच्या पायऱ्यांवर नेत. बायका परतल्या की मावशी सुपली घेऊन जायची आणि दगडांच्या फटींतून तुकडे वेचायची. लोक बघायचे, थुंकायचे, लेकरांना आत बोलवायचे. ती ढुंकूनही बघायची नाही. तुकडे धुऊन, वितळवून, त्याची वाटी करून ती त्या बाईच्या दारात उभी राहायची. "तुह्यं आहे. घे."

पिक्चरमधल्यासारखं काही घडायचं नाही. एकीनं दार लावून घेतलं. एकीनं वाटी घेतली आणि तिच्या दिरानं ती शेणाच्या खड्ड्यात फेकली. एकदोघींनी मात्र ठेवल्या. एकीच्या घरी मी इंजेक्शन द्यायला गेले तेव्हा धान्याच्या कोठीमागे लपवलेली लाल वाटी मी डोळ्यांनी पाहिली, तीत मीठ होतं. मी मावशीला म्हटलं, तुम्ही हे दयेपोटी करता, पण त्या बायांना त्याचा त्रासच होतो.

"दया?" ती म्हणाली. "मले दयामाया काही येत नाही, नर्सबाई. मले राग येते म्हनून मी करतो."

तिचा राग मला पटायचा, तिची रीत पटायची नाही. एकदा तलावावरून एका बाईला थेट माझ्या दवाखान्यात आणलं. काच मनगटात रुतून बसली होती. मी चिमट्यानं एकेक कण काढत होते. मान वर केली तर दारात मावशी, तळहात पुढे करून उभी. माझ्या ट्रेमधले तुकडे तिला हवे होते. माझं डोकं फिरलं. हा दवाखाना आहे, भंगाराचं दुकान नाही, बाहेर व्हा, असं मी सगळ्यांदेखत ओरडले. ती गेली. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी माझ्या दाराशी आंबाडीची भाजी झाकून ठेवलेली होती, वर माफी नाही, काही नाही. मी भाजी खाल्ली आणि भांडं घासून तिच्या दाराशी ठेवलं.

आणि मग शेजारच्या घरातला मुलगा गेला. लाखांदूरच्या रस्त्यावर ट्रॅक्टर उलटला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्याची बायको अठरा-एकोणीसची असेल. आमच्याकडे ताक न्यायला यायची, भांडं पुढे करायची आणि खाली बघत उभी राहायची. हातात निळ्या बांगड्या, वर सोनेरी ठिपके. तिचा आवाज कसा आहे हेही मला नीट ठाऊक नव्हतं.

मावशीनं ठरवून टाकलं. "हिचे हात मी कापू देनार नाही."

दहाव्याच्या आदल्या दिवशी ती त्यांच्या घरात घुसली. घरातल्या बायका चुलीपाशी होत्या. तिनं पोरीला न्हाणीत नेलं, हातांना साबण चोळला आणि एकेक करून सगळ्या बांगड्या अख्ख्या उतरवल्या. मी दारात राखण करत उभी होते. पोरगी जसा हात ओढावा तसा देत होती, बोलत काही नव्हती. मला फार बरं वाटत होतं. घरी आल्यावर मावशीनं दोन दोन आचांची वाट पाहिली नाही. बांगड्या तशाच एकात एक परळात रचल्या आणि भर दुपारी भट्टी पेटवली. एवढी घाई कशाला, मी विचारलं.

"हातात असल्या तं परत मांगतीन नि परत घालतीन. वितळल्यावर काय मांगतीन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. पोरीचा सासरा, त्याची बहीण म्हणजे पोरीची आतेसासू, आणखी दोन-तीन बायका. पोरीला दंडाला धरून आणलं होतं. भट्टी अजून चांगली तापलेली होती, जवळ उभं राहिलं तरी तोंडाला झळ लागत होती.

"चुड्या दे तिच्या," आतेसासू म्हणाली.

"वितळल्या," मावशी म्हणाली.

"नसन त नसन. कासारनीले बोलावनं धाडलं आहे. नव्या भरू नि फोडू. पद्धत आहे ते होईनच."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. रिकाम्या हातात नव्या कोऱ्या बांगड्या भरायच्या, कशाला, तर फोडायला. मी मध्ये पडले. हात कापतात, शिरा कापतात, पू होतो, मी दर वेळी निस्तरते, असं जे जे सुचलं ते बोलले.

"तू औषध लावजो," ती मला म्हणाली. "तुह्यं काम ते आहे." मग तिनं स्वतःची मनगटं पुढे केली. पांढरे जुने व्रण होते, आडवेतिडवे. "माह्या बी फोडल्या. मी मेली का?"

तिची कीव यायला हवी होती. मला आली नाही. आपले व्रण दाखवून दुसरीचा हात मागणारी बाई माझ्या समोर उभी होती आणि मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती, हे मी आजही लपवत नाही.

सासरा एवढा वेळ डोक्याला हात लावून ओट्यावर बसला होता. मुलगा गेलेला माणूस, त्याच्यात जीव उरला नव्हता. तो म्हणाला, "काकी, वाद नको घालू. फुटल्याबिगर लोक मानत नाहीत. काहीतरी फुटाले पाहिजे."

मावशीनं त्याच्याकडे पाहिलं.

"हिच्याच चुड्या फुटाच्या आहेत ना? हिच्या हातातल्या होत्या, त्याच?"

"त्याच."

"त्या फुटल्या का नव्या भरनार नाही. सगळ्यायसमोर बोल."

"नाही भरनार," तो म्हणाला. आतेसासू काही म्हणायला गेली, त्यानं हात वर करून तिला थांबवलं.

मावशीनं सांडशी घेतली आणि झाकण उचललं. ज्या झाकणाला हात लावला म्हणून तिनं नवऱ्याला, मला, कुंभाराला, एकदा तर गल्लीतून जाणाऱ्या पाहुण्यालाही वाट्टेल ते ऐकवलं होतं, ते तिनं स्वतःच्या हातानं उचलून बाजूला फेकलं. आत परळात काच बसली होती. मी वाकून पाहिली. अख्ख्या बांगड्यांची म्हणून असेल, निळ्यात निळ्या कड्या उमटल्या होत्या, एकीत एक. तिच्या हातून एवढी चांगली वाटी त्याआधी झाली नव्हती. तिनं परळ सांडशीत धरून बाहेर काढला आणि भांडी घासायच्या ओल्या दगडावर उपडा केला.

तड. मग पुन्हा तड. मग सगळी एकदमच गेली, तुकडे वांग्यांच्या आळ्यांपर्यंत उडाले.

मावशी आतेसासूकडे बघत म्हणाली, "वाढल्या."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कोणीतरी पुटपुटलं की झालं, चला, तलावावरचं उरकून घेऊ. मंडळी गल्लीत गेली. आतेसासूनंही पोरीला लवकर ये म्हणून सांगितलं आणि ती बाहेर पडली. पोरगी तशीच उभी राहिली. मी तिचे हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. ओरखडाही नव्हता.

"मावशी, वाचली पोरगी," मी म्हटलं.

"काय वाचली?" ती माझ्यावर वसकली. "त्यायले फुटल्याचा आवाज पाहिजे होता, तो मीच देल्ला. उद्या दुसरीचा गेला तं काय फोडू? माह्या घरची कवलं फोडू?"

तेव्हा पोरगी बोलली. आवाज बारीक नव्हता, चांगला खणखणीत होता.

"काकी, मले त्या काढाच्याच नव्हत्या."

"म्हनजे?"

"घालून राहाच्या होत्या. त्यानं आनल्या होत्या साकोलीहून. मले त्या हातात पाहिजे होत्या."

"मंग काल बोलली काहून नाही?"

"कोनी इचारलं का मले?" पोरगी म्हणाली. ती रडत नव्हती. "त्यायनं तं नाहीच इचारलं. तुम्ही तरी इचारलं का?"

एवढं बोलून ती फाटक ढकलून त्या बायकांमागे निघून गेली.

मावशी दगडापाशी खाली बसली आणि निळे तुकडे हातानं वेचायला लागली. ते अजून पोळत होते. मी तिचं मनगट धरलं, तिनं झटकून टाकलं आणि वेचत राहिली, लुगड्याच्या ओच्यात टाकत राहिली, एकही सुटू नये म्हणून वांग्यांच्या मुळाशी बोटं घालून शोधत राहिली. सगळे मिळाल्यावरच ती उठली. मी आत जाऊन माझी बॅग आणली. त्या दिवशी दहाही बोटांना मलम लावून मी पट्ट्या बांधल्या, आणि ती एकदाही माझ्यावर ओरडली नाही.